म्हणे मांजरामुळे झालं!

आज हर्णै बंदरावर मासे घ्यायला गेले, तर कडेला तोंड बांधलेली गोणी. आत मांजराची भाटी आणि तिची पिल्लं. टाकणारा तिथेच उभा, वर मलाच सांगतो, "पोराला गजकर्ण झालं हिच्यामुळे." डोकंच फिरलं माझं.

आमच्या ठकी मांजरीला नव्हतं झालं? ऐन पावसात कानामागे रुपयाएवढं टक्कल, कडेने कोंडा. तिला कुशीत घेऊन झोपणाऱ्या भाचीच्या मानेवर लगेच लाल कडं. सासूबाई म्हणाल्या, सोडून ये. नाही सोडली!

अहो, बुरशी आहे ती. मायक्रोस्पोरम कॅनिस. गळलेल्या केसांवर तिचे बीजाणू वर्षभरही तग धरतात. मांजर टाकलंत, पण गादी, गोधडी, सोफा घरातच ना? की सोफ्यालाही गोणी शिवणार?

भाचीला खरा त्रास दिला तो ट्यूबने. वहिनीने मेडिकलमधून आणलेली, स्टेरॉईडवाली. खाज थांबली, सगळे खूश, आणि कडं हळूहळू गालापर्यंत. त्वचेच्या डॉक्टरांनी आधी ती ट्यूब बंद करायला लावली, मग नुसतं बुरशीचं मलम, डाग गेल्यावरही काही दिवस. तिकडे ठकीला पोटातून इट्राकोनॅझोल आणि गंधक-चुन्याच्या पाण्याची आंघोळ. घरभर कुजक्या अंड्यांचा वास, पांढरी ठकी पिवळी! दोघी बऱ्या झाल्या.

हो, मान्य, अंगावर डाग नसतानाही काही मांजरं, विशेषतः लांब केसांची, बुरशी बाळगतात. घरात तान्हं बाळ किंवा केमो चालू असलेलं माणूस असेल तर जास्त जपायला हवं. पण आपल्याकडे सध्या गजकर्णाचं जे पीक आलंय ते बहुतेक माणसाकडून माणसाला आलेलं. अख्ख्या घराने एकच पंचा वापरायचा, दमट कपडे तसेच अंगावर चढवायचे आणि शिक्षा भाटीला.

त्या माणसावर ओरडले खरी. मग कळलं, पोराच्या डोक्यात झालंय, केस झडतायत. बिचारा घाबरलाय. डोक्यातल्याला नुसतं मलम पुरत नाही, पोटातून औषध लागतं, हे कोणी सांगितलंच नव्हतं त्याला. त्याच्याकडेही ट्यूबच. भाचीची होती तीच!

परतताना मुद्दाम त्या मेडिकलमध्ये शिरले. काचेखाली पहिल्या रांगेत तीच. म्हटलं, चिठ्ठीशिवाय का देता हो? तर म्हणे, "काकू, हीच तर खपते."