पाहुणे आणि पाणचक्की

छत्रपती संभाजीनगरात ज्याचं घर, त्याच्या नशिबी पाहुणे फिरवणं. वेरूळ-अजिंठ्याला अख्खा दिवस जातो, मकबरा संध्याकाळी बरा. मग जेवण आणि मकबरा यांच्या मधल्या उन्हात ही मंडळी ठेवायची कुठं? पाणचक्कीत. खाम नदीचा काठ, भलामोठा वड, हौदात मासे. वरच्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत, त्यामुळं आत गारवा. एकदा पाहुणा तिथं टेकला की तासभर मला कोणी काही मागत नाही.

त्याआधी भाषण मात्र करावं लागतं. बुखाऱ्याकडून आलेले सूफी बाबा शाह मुसाफिर, त्यांचा दर्गा, तिथल्या फकिरांना आणि यात्रेकरूंना पीठ मिळावं म्हणून अठराव्या शतकातली ही चक्की, डोंगरातल्या झऱ्याचं पाणी खापराच्या नळांतून कोसन् कोस आणलेलं... मला झोपेतही येतं.

यंदा दिवाळीत पुण्याचे मेव्हणे आणि जिंतूरची आत्या एकदमच आले. मेव्हणे इंजिनिअर. पाणी भिंतीच्या माथ्यावर चढतं कसं, हे मी सांगायच्या आत त्यांनीच मला समजावलं. झऱ्याची पातळी उंच, नळ बंद, त्यामुळं दाब. मग दुसऱ्यांदा समजावलं. मग शेजारच्या अनोळखी कुटुंबाला.

आत्याचं लक्ष जात्यावर. पाण्याच्या धारेनं खालचं आडवं चाक फिरतं, त्याच्याच दांड्यावर वरची तळी फिरते, मधे काही भानगड नाही, हे तिनं वाकून एका नजरेत ताडलं.

"टाकी कधी लावली होती रे हिला?"

टाकी म्हणजे छिन्नी; दगड गुळगुळीत झाला की पाथरवटाकडून टाकवून घ्यावा लागतो, नाहीतर दळण नुसतं तापतं. इतक्या वर्षांत इतके पाहुणे आणले, पण चक्कीबद्दल चक्कीचा प्रश्न कोणी विचारला नव्हता. माझ्या भाषणात टाकी नाही.

"अन् पीठ कुठंय?"

"आता दळत नाहीत, आत्या. बघायला ठेवलीय."

"फिरतीय तर दळायला काय झालं? लाईटबिल येतं का हिला?" आमच्या जिंतुरात गिरणीवाला लाईट येईस्तोवर दळणाचे डबे रांगेत ठेवून घेतो, हे तिनं मेव्हण्यांना सविस्तर सांगितलं. मेव्हण्यांनी दाबाचा विषय काढून पाहिला. चालला नाही.

मग ती वरून पडणाऱ्या पाण्याकडं वळली.

"हे जुन्या नळाचंच पाणी?"

"हो."

"अन् तुह्या घरी नळाला कधी येतं?"

"आठवड्यातून एकदा. कधी त्याहून उशिरा."

"तो नळ नवा आहे ना?"

मेव्हणे वडाचा घेर मोजायला निघून गेले. आत्यानं पिशवीतून प्रवासातल्या रिकाम्या बाटल्या काढल्या, माझ्या हातात दिल्या आणि आवाज खाली आणून म्हणाली, "भांडी घासायला होईल. मासा येऊ देऊ नको तेवढा."