उन्हाळ्यात सगळ्याच गाड्यांना जाड ऑइल? अजिबात नाही

नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) जवळ आला की नागपुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो: "पारा ४५ च्या वर गेला, आता कोणत्याही गाडीत २०डब्ल्यू-५० हे जाड इंजिन ऑइल टाका, पातळ ऑइलनं इंजिन जाम होते." हे चूक आहे, आणि नव्या गाड्यांसाठी नुकसानीचं आहे.

तापलेल्या इंजिनात ऑइल साधारण ९० ते ११० अंशांवर असतं, मग बाहेर डिसेंबर असो की मे. ५डब्ल्यू-३० मधला ३० हा आकडा १०० अंशांवरच्या जाडीवरूनच ठरतो. ज्या इंजिनाला ०डब्ल्यू-२० हे पातळ ऑइल सांगितलंय त्यात जाड ऑइल टाकलं, तर सकाळी स्टार्ट करताना ते वरपर्यंत पोचायला वेळ लागतो, मायलेज पडतं. शिवाय फिल्टरवर दाब वाढून बायपास व्हॉल्व्ह उघडला, तर न गाळलेलं ऑइल थेट इंजिनात जातं. मॅन्युअलमध्येच २०डब्ल्यू-५० लिहिलं असेल, तर खुशाल टाका.

"आटे बसले की कोणताही फिल्टर चालतो," असंही त्याच मेसेजमध्ये आहे. नाही चालत! आटे सारखे असले तरी बायपास व्हॉल्व्ह उघडण्याचा दाब वेगळा असू शकतो. पार्ट नंबर जुळवूनच घ्या. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून पाहा. रिंगेवर रिंग बसली तर ऑइल रस्त्यावर सांडलंच समजा.

गियरच्या बाइकचा क्लच बहुधा इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, म्हणून तिच्यासाठी डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (बाइकच्या ऑइलचा जपानी दर्जा) हवं. कारच्या ऑइलनं तिचा क्लच घसरू शकतो.