ऑब्व्हियसली म्हणजे अर्थातच ना?

काल कट्ट्यावर अव्या तणतणतच आला. ऑफिसात साहेबांनी झापलेलं. क्लायंटने मेलवर विचारलं होतं, रिपोर्ट शुक्रवारपर्यंत मिळेल का? या पठ्ठ्याने एका शब्दात उत्तर धाडलं: ऑब्व्हियसली.

"चुकलं काय माझं? ऑब्व्हियसली म्हणजे अर्थातच. अर्थातच मिळेल!"

"तिथंच घोळ झाला," सुन्या म्हणाला. तो क्लासमध्ये इंग्रजी शिकवतो, त्यामुळे असा विषय निघाला की त्याचा चहा हमखास गार होतो. "तुला 'ऑफ कोर्स' म्हणायचं होतं. 'पेन घेऊ का?' 'ऑफ कोर्स', म्हणजे घे की! 'ऑब्व्हियसली' म्हटलंस तर, हे काय विचारणं झालं?"

मिल्याला ते मान्य नव्हतं. "शब्दाला कशाला बोल लावता? 'अर्थातच'सुद्धा टोचतं." हे मला पटलं. आईने 'जेवलास का?' विचारल्यावर 'अर्थातच' म्हणून बघा एकदा.

मग सुन्या मुळाशी गेला. लॅटिनमध्ये 'विया' म्हणजे वाट. वाटेत आडवं आलेलं ते ऑब्व्हियस. न बघता चाललात तर ठेच लागावी, इतकं समोर. आपलं 'अर्थात्' ही संस्कृतातली पंचमी: अर्थावरून, म्हणजे आधीच्या बोलण्यातून आपसूक निघणारं. 'साहजिकच' आणखी निराळं. रात्रभर जागलेला माणूस साहजिकच डुलक्या देतो, पण भिंतीवरची ओल साहजिकच दिसत नाही, ती उघड उघड दिसते. इंग्रजीत दोन्हीकडे ऑब्व्हियसली खपून जातं.

"आणि अ‍ॅपरंटली?"

"ते भलतंच. 'अ‍ॅपरंटली तो आजारी आहे', म्हणजे आजारी आहे म्हणे. आपल्या अंगावर काही नाही."

"एवढं सगळं कशाला? आपला एक 'च' पुरतो," मिल्या म्हणाला. "मिळणारच. झालं!"

"'मीच केलं' यात उघड काय आहे रे? तिथे 'च' म्हणजे दुसऱ्या कुणी नाही."

मिल्या विचारात पडला. तेवढ्यात अव्याने मोबाइल पुढे केला. क्लायंटला नवा मेल: 'येस, बाय फ्रायडे.'

"आधी 'ऑफ कोर्स' टाक, बरं दिसेल."

"नको," अव्या म्हणाला, "सोमवारपर्यंत अ‍ॅडव्हर्ब बंद."