तारुण्यपीटिका: आवृत्ती दुसरी

वयाच्या 29 व्या वर्षी मुरुमांविषयी आपली शिकवणी घेतली जाईल, आणि तीही शाळेच्या गणवेशातील मुलीकडून, असे काल त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात जाऊन बसेपर्यंत मला वाटले नव्हते. गर्भनिरोधक गोळ्या बंद करून चार महिने झाले होते आणि माझी हनुवटी माझ्या ताब्यात राहिली नव्हती.

शेजारच्या खुर्चीवरील त्या मुलीने गृहपाठ तपासावा तसा माझा चेहरा तपासला आणि विचारले, "काकू, तुमचे नवीन आहेत का?" नवीनच आहेत, असे मी कबूल केले. "फोडता?" मी नजर चुकवली. "फोडू नका, डाग राहतात. पोट साफ होतं ना?" त्याबरोबर खोलीतील सात-आठ माणसांनी मोबाइलमधून माना वर काढल्या आणि माझ्या उत्तराची वाट पाहू लागली. "होतं," मी पुटपुटले. "मग वयाचे असतील," असे सांगून तिने मला धीर दिला, "शाळा संपली की आपोआप जातात." मुरुम वयामुळे आलेले असतील, तर मी काकू कशी, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

चिडण्याचे कारण असे की, पोरीचे निदान अगदीच चुकीचे नव्हते. गोळीतील इस्ट्रोजेनमुळे रक्तातील एक प्रथिन वाढते व ते टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवते. गोळी थांबली की ते प्रथिन ओसरते, मोकळे सुटलेले टेस्टोस्टेरॉन तैलग्रंथींना डिवचते आणि चेहऱ्यावर पुन्हा आठवीचा वर्ग भरतो. गोळीतील हार्मोन काही दिवसांतच शरीराबाहेर जातात, परंतु इतकी वर्षे बसून खाल्लेल्या बीजकोशांना पुन्हा कामाला जुंपायला मेंदूतील पीयूष ग्रंथीला वेळ लागू शकतो, त्यामुळे पाळी यायला दोन-तीन महिनेही लागतात. माझी दहा आठवड्यांनी आली. त्यातही, गोळ्यांच्या सात दिवसांच्या खंडात दर महिन्याला होणारा रक्तस्राव ही खरी पाळी नव्हतीच, तो केवळ हार्मोनचा पुरवठा तुटल्यामुळे होत होता, हे मला सहा वर्षांनंतर कळले! गोळी चुकली तर काय करावे, हे मला तीनदा बजावून सांगण्यात आले होते. गोळी सोडली तर काय होते, हे एकदाही नाही.

आत बोलावणे आल्यावर ती मुलगी दारातून मागे वळली आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काकू, उशीचा अभ्रा बदलत जा." घरी आल्यावर मी पहिल्यांदा तोच बदलला, याचा मला अधिक राग आहे.