काच खाली केली होती डॉक्टरांनी

आज लोकलमध्ये शेजारचा पोरगा फुल आवाजात रील बघत होता. गिरणी संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांचा ‘गेम’. मागे ढँण ढँण म्युझिक, निवेदक भलताच रंगात. 17 गोळ्या, आणि दिवसाढवळ्या पवईतून शूटर गायब! पोरगा मित्राला म्हणतो, “काय सॉलिड पळाले यार!”

सॉलिड? डोकंच सटकलं. बोललो काही नाही, करी रोडला उतरलो. दिवसभर धुमसतोय.

82 च्या संपात वाण्याने उधारी बंद केली, तेव्हा बाबांनी गिरणीच्या गेटजवळ हात करून डॉक्टरांची गाडी थांबवली होती. काच खाली झाली. डॉक्टरांनी नाव विचारलं, खातं विचारलं, घरात खाणारी तोंडं किती ते विचारलं. बस. (उधारी काही सुरू झाली नाही!) पण बाबा हा किस्सा आल्यागेल्याला सांगायचे, हाताने काच खाली करून दाखवत.

16 जानेवारी 1997. वॉचमनची रात्रपाळी करून बाबा झोपले होते. शेजारच्या काकांनी हलवून उठवलं. चाळीत बातमी आली ती अशी, की कामगार आलेत समजून डॉक्टरांनी काच खाली केली. बाबा दिवसभर एकच बडबडत होते, “काच कशाला खाली केली त्यांनी?”

ज्याच्या गाडीला कुणीही फाटका माणूस हात करू शकतो, त्याला गाठून पळायला कसली आलीय डोंबलाची हुशारी?

संप ताणला. हो, ताणला. अडीच लाख कामगारांच्या चुली विझल्या, त्यात आमचीही. बाबांनीच काय कमी शिव्या घातल्यात डॉक्टरांना? पण ते आमचं घरातलं भांडण. त्यावर म्युझिक लावणारे तुम्ही कोण?

2000 साली त्या खुनाच्या एका खटल्याचा निकाल लागला, मान्य. पण जुलै 2023 मध्ये गँगस्टर छोटा राजनही पुराव्याअभावी निर्दोष सुटला. मग सुपारी दिली कुणी? 26 वर्षं गेली तोवर! त्याची करा की रील.

जाऊ दे. त्या पोराचा तरी काय दोष, तेव्हा तो जन्मलाही नसेल.

रात्री जेवताना म्हटलं, “बाबा, तो गेटवरचा किस्सा सांगा ना, हिने ऐकलेला नाही.” 97 नंतर त्यांनी तो एकदाही सांगितलेला नाही, हे मला आज लक्षात आलं.

“कुठला रे?” म्हणाले, आणि आमटीत भाकरी कुस्करत राहिले.