आमच्या प्रदर्शनात एक आदिवासी पण होता!

सोसायटीच्या कला प्रदर्शनात यंदा 'डायव्हर्सिटी' आणायची ठरलीय ना, मग टेन्शन घेऊ नका, सोप्पं आहे. पहिलं बॅनर छापून घ्या. वारलींच्या तारपा नाचाचा तो गोल नेटवर फुकट मिळतो, गेरूच्या रंगावर पांढरा टाकायला सांगा प्रिंटवाल्याला. निम्मं काम तिथंच झालं.

मग वारली वर्कशॉप. शिकवणारी मात्र आपल्यातलीच बघा, तीन दिवसांचा ऑनलाइन कोर्स केलेली असली की पुष्कळ झालं. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस, ॲक्रिलिकने एमडीएफच्या कोस्टरवर काढा, वाळवा, घरी न्या. लग्नाचा चौक म्हणजे भिंतीवरचं चित्र सवाष्णी काढतात, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, मधे पालघट देवी असते आणि त्याशिवाय लग्न लागत नाही, असलं काही कुणी विचारत बसत नाही हो. विचारलंच तर 'पालघरची देवी असेल' म्हणून मोकळं व्हायचं.

तरी एखादा खडूस म्हणणारच, खरा वारली कुठाय? तर एक बोलवा. एकच. बिचारा डहाणूवरून पहाटेची गाडी धरून येईल, त्याला वडापावच्या स्टॉलमागे जनरेटरजवळ बसवा आणि वर पाटी लावा 'लाइव्ह डेमो'. जीन्स घालून आला तर हळूच सांगा की जरा पारंपरिक काही आहे का, फोटोत कळत नाही. तो वाटीत तांदळाचं पीठ कालवेल, बांबूची काडी चावून तिचं टोक मऊ करेल आणि दोन तास मान खाली घालून ठिपके देत बसेल, तेवढ्यात कुणीतरी वाकून म्हणेलच, 'अय्या, हे तर घरी पण जमेल, पाचशेला द्या ना.'

आता मुद्द्याचं, नाव. तुमच्या भाच्याच्या ऑइल पेंटिंगखाली नाव, जन्मसाल, कॉलेज, 'अनटायटल्ड ३' असं सगळं हवं. वारली चित्राखाली 'ट्रायबल आर्ट, पालघर' बास. नाव लिहिलं की माणूस कलाकार होतो आणि कलाकार झाला की रेट वाढवतो, नाही लिहिलं की कारागीर राहतो, साधं गणित आहे. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे, २०११ चे पद्मश्री, यांचं नाव उद्घाटनाच्या भाषणात घ्यायचं, तेवढा मान पुरे. वारलीला २०१४ पासून जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे हेही तिथंच सांगा, मागच्या स्टॉलवर वारली छापाच्या बेडशीट तीनशेला दोन चालल्यात तिकडे बघू नका.

कोल्हापुरी चपलांचा स्टॉल ठेवाच. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या रॅम्पवर तसल्या चपला दाखवल्या तेव्हा आपण सगळे कसे पेटून उठलो होतो, 'आमचा वारसा' म्हणून! हा 'आमचा' जरा जपून वापरा. चप्पल मिलानला गेली की आमची. हिरडा नि बाभळीच्या सालीत कातडं भिजत पडलेलं असतं त्या गल्लीतनं नाक दाबून जाताना त्यांची. चर्मकार हा शब्द शक्यतो टाळा, 'हेरिटेज' म्हणा, वास येत नाही.

कमिटीत कुणाला घ्यायचं हा प्रश्नच नाही, सात जण आहेत आणि सातही आडनावं तुमच्या लग्नपत्रिकेत सापडतील, चर्चा पटकन उरकते.

मानधन नंतर पाठवतो म्हणा, फोन आलाच तर खजिनदार गावाला गेलेत. शालश्रीफळ मात्र जागच्या जागी द्या, मागे बॅनर दिसला पाहिजे. आणि तो गेल्यावर चित्राचा कोपरा नीट बघून घ्या, बारीक अक्षरात नाव घालून ठेवलं असेल तर फ्रेमवाल्याला सांगा, दोन इंच आतून काप.