सगळे एरर एकाच ठिकाणी पकडा म्हणे

"ॲपमधले सगळे अनकॉट एरर, म्हणजे कोडने स्वतः न पकडलेले, एकाच जागी पकडून लॉग करूया ना, दोन ओळींचं तर काम आहे." हे वाक्य मीटिंगमध्ये जो बोलतो त्याच्या अंगावर ते काम कधीच येत नाही, ते माझ्याकडे येतं.

ओळी दोनच आहेत, खोटं कशाला बोला. विंडो डॉट ऑनएरर ही ब्राउझरची न पकडलेले एरर कळवायची जागा, तिला एक फंक्शन लावलं की ब्राउझर त्यात मेसेज, फाईल, ओळ, कॉलम आणि एरर ऑब्जेक्ट असं सगळं आणून देतो. कन्सोलमधला, म्हणजे ब्राउझरच्या डेव्हलपर खिडकीतला, लाल मजकूर नको असेल तर ट्रू रिटर्न करायचं. बाकी हँडलरमध्ये (घटना घडली की चालणाऱ्या फंक्शनमध्ये) नको म्हणायला फॉल्स लागतं, इथे ट्रू, का ते विचारायचं नाही, पडली तशी रीत.

मग पहिला एरर येतो. मेसेज काय, तर "स्क्रिप्ट एरर." आणि पुढे पूर्णविराम. फाईल रिकामी, ओळ शून्य, कॉलम शून्य, ऑब्जेक्ट नल. म्हणजे कुणी पोलिसांना फोन करून "गुन्हा झालाय" एवढंच सांगावं आणि फोन ठेवून द्यावा. स्क्रिप्ट दुसऱ्या डोमेनवरून आली की ब्राउझर असा मुका होतो, कारण एररच्या मजकुरातून त्या साईटची माहिती फुटू शकते. उपाय आहे, स्क्रिप्ट टॅगवर क्रॉसओरिजिन हे ॲट्रिब्यूट लावायचं आणि समोरच्या सर्व्हरने कॉर्स हेडर, म्हणजे दुसऱ्या डोमेनला परवानगी देणारी नोंद, पाठवायचा. पण टॅगवर लावलं आणि हेडर राहिला तर स्क्रिप्ट लोडच होत नाही, स्क्रिप्ट नाही म्हणून तिचे एरर नाहीत, आणि एरर दाखवणारा डॅशबोर्ड एकदम चकाचक! मॅनेजर खूश. बरं, स्क्रिप्ट लोड झाली नाही हाही एररच ना? हो, पण तो टॅगपासून वर विंडोपर्यंत बबल होत, म्हणजे चढत, नाही, त्यासाठी ऐकायला वेगळा लिसनर, तोही कॅप्चर ट्रू करून, म्हणजे इव्हेंट वरून खाली जातानाच धरायचा.

हे निस्तरेपर्यंत लक्षात येतं की निम्मा कोड असिंक (उत्तर नंतर येणारा) आहे आणि प्रॉमिसचे, म्हणजे त्या नंतर येणाऱ्या उत्तराच्या ऑब्जेक्टचे, एरर ऑनएररकडे फिरकतही नाहीत. त्यांचा इव्हेंट वेगळा, अनहॅन्डल्डरिजेक्शन. त्यात रीझन म्हणून काय येईल याचा नेम नाही, कारण प्रॉमिस रिजेक्ट, म्हणजे नापास, करणारा काहीही फेकू शकतो, स्ट्रिंग, आकडा, नाहीतर नुसतं अनडिफाइन्ड. आणि समजा नशिबाने खराखुरा एरर ऑब्जेक्ट आला, तो जेसनमध्ये स्ट्रिंगिफाय करून, म्हणजे मजकुरात बदलून, सर्व्हरला पाठवला, तर तिकडे काय पोचतं? दोन महिरपी कंस. आत काही नाही. मेसेज आणि स्टॅक (एरर कुठून कुठून आला त्याची यादी) एन्युमरेबल, म्हणजे यादीत मोजले जाणारे, नसतात म्हणून स्ट्रिंगिफाय त्यांना ओळखच दाखवत नाही, दोन्ही हाताने काढून पाठवावे लागतात.

एवढ्यात कुणीतरी सुचवतंच, "मेन फंक्शनलाच ट्राय-कॅच घाल की, आत फुटलं की कॅच पकडेल." अरे बाबा, सेटटाइमआउटमधलं फंक्शन थोड्या वेळाने चालतं तेव्हा ट्राय केव्हाच उठून गेलेला असतो. रिॲक्ट ही स्क्रीन बनवायची लायब्ररी वापरणारे एरर बाउंड्री दाखवतात, २०१७ च्या सोळाव्या व्हर्जनपासून आहे, चांगली आहे, पण ती रेंडरमधलं, म्हणजे स्क्रीन काढतानाचं, पकडते, बटनावर क्लिक केल्यावर जे फुटतं ते तिच्या हद्दीत येत नाही. नोडचं, म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्याचं, मला पटतं. २०२० मध्ये आलेल्या पंधराव्या व्हर्जनपासून न पकडलेलं रिजेक्शन आलं की प्रोसेसच खाली बसते, निदान कळतं तरी.

शेवटी सगळं जोडून झालं आणि लॉग धो धो वाहायला लागले. त्यात रिसाइझऑब्झर्व्हरची (आकार बदलला की कळवणाऱ्याची) तीच ती कुरकुर, मग लोकांनी ब्राउझरमध्ये घातलेल्या एक्स्टेन्शनचे एरर, ज्यांचा आमच्या कोडशी काडीचा संबंध नाही. आमचे जे होते ते मिनिफाय केलेल्या, म्हणजे सगळा कोड दाबून बसवलेल्या, फाईलच्या पहिल्याच ओळीत, कॉलम पाच आकडी. मग त्या फाईलवरून मूळ कोडची जागा सांगणारे सोर्स मॅप आले, ते आणखी वेगळं प्रकरण.

आणि खरा बग? तो कस्टमरने फोन करून सांगितला. सेव्ह दाबलं की काहीच होत नाही. डॅशबोर्डवर चिटपाखरू नाही, कारण तो एरर अनकॉट नव्हताच, कॅच झालेला होता, त्या कॅचमध्ये एकच कॉमेंट होती, "इथे कधी येणार नाही". कोडमध्ये शोधलं तर असे रिकामे कॅच पानभर निघाले, आणि कुठली ओळ कुणी लिहिली ते सांगणाऱ्या गिट ब्लेममध्ये सगळीकडे ज्याचं नाव येतं तो माणूस नोकरी सोडून गेलाय.